तीन कोऱ्या मतपत्रिका

मी अमेरिकेतल्या ल्यूथरन चर्चच्या एका प्रादेशिक कार्यालयात नोंदींचे काम करते. अशा प्रदेशाला आमच्याकडे सिनॉड म्हणतात. मंडळ्यांच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, घटना आणि पोटनियम, सभासदयाद्या, वार्षिक अहवाल, पाळकांच्या नेमणुकांची पत्रे आणि सभांची इतिवृत्ते माझ्या टेबलावरून पुढे जातात. चर्चमधले वाद पवित्र शास्त्रावरून होतात आणि शास्त्रावरूनच मिटतात, अशी बाहेरच्यांची समजूत असते. वाद शास्त्रावरून होतात हे खरे. पण निकाल लागतो तो हजेरीपटावर, देणग्यांच्या वहीवर आणि सभेची सूचना टपालात कोणत्या तारखेला पडली यावर. हे समजायला मला मिनेसोटात यावे लागले नाही. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र आल्या, आणि त्या एकीकरणातून निघालेले मालमत्तेचे दावे पुढे वर्षानुवर्षे न्यायालयांत चालले. अहमदनगरच्या ज्या ख्रिस्ती वस्तीत मी वाढले, तिथे जेवणाच्या पंगतीतही दाव्यांच्या तारखांची चर्चा असे.

हे लिहिण्याचे कारण एका मंडळीची २०१० सालची फाईल आहे. आमच्या चर्चमधून बाहेर पडावे की नाही यावर त्या मंडळीने घेतलेल्या मतदानाची ती फाईल. मानवी लैंगिकतेविषयीच्या आमच्या चर्चच्या निवेदनाचा फेरविचार २०२२ च्या महासभेने सुरू केला. त्यातला सोपा भाग, म्हणजे देशाच्या कायद्याने समलिंगी विवाह आता मान्य केला आहे याला धरून मजकुरात करायचे बदल, २०२५ मध्ये फिनिक्सच्या महासभेत मंजूर झाला. अवघड भाग २०२८ साली येणार आहे. त्या निमित्ताने कार्यालयातली जुनी कागदपत्रे काढली, तेव्हा माझ्याच अक्षरातला मतमोजणीचा एक तक्ता हाती आला. त्यावर ९३, त्याखाली ४५, आणि एक ओळ सोडून ३ असे आकडे आहेत. त्या तिनावरून माझा आणि माझ्या एका सहकाऱ्याचा वाद अजून संपलेला नाही.

थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे. इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका, म्हणजे ईएलसीए, १९८८ साली तीन ल्यूथरन चर्च एकत्र येऊन अस्तित्वात आले. समलिंगी लोकांचे मंडळीत स्वागत असावे असे ठराव महासभांनी नव्वदीच्या दशकातच केले होते. पाळकांसाठी मात्र नियम वेगळा होता. समलिंगी व्यक्तीला पाळकाची दीक्षा मिळू शकत असे, परंतु तिने आयुष्यभर जोडीदाराविना राहावे अशी अट होती. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन मंडळ्यांनी ही अट झुगारून दोन स्त्रिया आणि एक पुरुष यांना दीक्षा दिली. त्या मंडळ्या आधी निलंबित झाल्या आणि १९९५ च्या अखेरीस त्यांना बाहेर काढण्यात आले. २००५ मध्ये ऑर्लँडोच्या महासभेने नियम सैल करण्यास नकार दिला. २००७ मध्ये शिकागोच्या महासभेने नियम जसाच्या तसा ठेवून, तो मोडणाऱ्यांवर कारवाई करताना बिशपांनी संयम राखावा अशी विनंती केली. नियम पुस्तकात ठेवायचा आणि तो लागू करू नका असे सांगायचे, याहून वाईट अवस्था नोंदी ठेवणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही. त्या दोन वर्षांत आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पत्राला दोन उत्तरे शक्य होती आणि दोन्ही बरोबर होती.

मग २००९ चा ऑगस्ट आला आणि मिनिआपोलिसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये महासभा भरली. १९ तारखेला दुपारी शहराच्या मध्यभागात वावटळ शिरली, सभागृहाच्या छताला इजा झाली आणि शेजारच्या सेंट्रल ल्यूथरन चर्चच्या मनोऱ्यावरचा क्रूस वाकून लोंबकळू लागला. त्याचे अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावले. मला लक्षात राहिला तो त्याच संध्याकाळचा आकडा. लैंगिकतेविषयीचे निवेदन मंजूर होण्यास दोन-तृतीयांश मते लागत होती. बाजूने ६७६ आणि विरोधात ३३८ मते पडली; एकूण १,०१४, त्यांचे दोन-तृतीयांश बरोबर ६७६. एक मत इकडचे तिकडे गेले असते तर निवेदन पडले असते. महासभेचे मतदार सभासद १,०४५ होते, पण तिथला हिशेब प्रत्यक्ष मत देणाऱ्यांवर चालतो, त्यामुळे उरलेले ३१ जण त्या वेळी कुठे होते याने निकालात काही फरक पडला नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

दोन दिवसांनी, २१ ऑगस्टला, पाळकांविषयीचा नियम बदलला. आजन्म, एकनिष्ठ आणि मंडळीपुढे उघडपणे जबाबदार असलेल्या समलिंगी नात्यातल्या व्यक्तींना पाळक म्हणून सेवा करता यावी, हा ठराव ५५९ विरुद्ध ४५१ मतांनी संमत झाला. या ठरावाला साधे बहुमत पुरेसे होते. त्याबरोबरच एक तरतूद आली, जिच्याभोवती आताचा फेरविचार फिरतो आहे. ज्याच्या नावाने आमचा पंथ ओळखला जातो त्या मार्टिन ल्यूथरने १५२१ मध्ये वर्म्सच्या दरबारात आपली सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे असे सांगितले होते. त्याचा आधार घेऊन चर्चने मान्य केले की या प्रश्नावर आपल्यात चार प्रामाणिक भूमिका आहेत आणि त्या चारही बाळगणाऱ्यांनी एकमेकांच्या विवेकाचा मान राखावा. समलिंगी संबंध पाप आहे असे मानणाऱ्यांपासून, असे नाते विवाहाच्याच तोडीचे आहे असे मानणाऱ्यांपर्यंत सर्वांना त्यात जागा होती. कोणत्याही मंडळीवर नको असलेला पाळक लादला जाणार नव्हता. माझ्या मते कागदावर याहून समंजस तोडगा निघू शकला नसता. पण मंडळीत लोक कागदाशेजारी बसत नाहीत, माणसांशेजारी बसतात.

पुढच्या दोन-तीन वर्षांत सहाशेहून अधिक मंडळ्या ईएलसीएतून बाहेर पडल्या. काही २००१ पासून असलेल्या ल्यूथरन काँग्रिगेशन्स इन मिशन फॉर ख्राइस्ट या संघात गेल्या, काही ऑगस्ट २०१० मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ अमेरिकन ल्यूथरन चर्चमध्ये. बाहेर पडण्याचा मार्ग आमच्या घटनेतच लिहिलेला आहे. मंडळीने रीतसर बोलावलेल्या विशेष सभेत हजर मतदार सभासदांच्या दोन-तृतीयांश मतांनी ठराव करायचा. मग किमान नव्वद दिवस बिशपांशी विचारविनिमय करायचा. मग लेखी सूचना देऊन दुसरी सभा घ्यायची आणि तिथेही पुन्हा दोन-तृतीयांश मते मिळवायची. हे सारे नीट पार पडले आणि मंडळी दुसऱ्या ल्यूथरन संघात गेली, तर इमारत, जमीन, दफनभूमी आणि बँकेतली रक्कम मंडळीकडेच राहते. एक मत कमी पडले तर सगळे आहे तिथे राहते. वर्षभर माझे बहुतेक रविवार या सभांमध्ये गेले. बिशपांच्या प्रतिनिधीसोबत जायचे, याद्या तपासायच्या, मोजणीवर लक्ष ठेवायचे, परत येऊन टिपण लिहायचे. दुपारी घरी परतताना प्रत्येक वेळी गाडीत एखाद्या बाईने आग्रहाने दिलेल्या गोड वड्यांचा, म्हणजे इथल्या भाषेत बार्सचा, डबा असायचा. मिनेसोटाचे लोक तुमच्याशी कितीही भांडले तरी उपाशी पाठवत नाहीत.

ज्या मंडळीची ही फाईल आहे ती राज्याच्या दक्षिण भागातल्या एका शेतकरी गावातली. मका आणि सोयाबीनची शेती, विटांचे जुने चर्च, त्याला काही वर्षांपूर्वी कर्ज काढून जोडलेला नवा भाग, आणि सगळ्या खोल्यांना ऊब देणारा, महाग तेल खाणारा बॉयलर. पहिली सभा जानेवारीत झाली तेव्हा ९६ जण हजर होते. ७१ जणांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, २५ जणांनी विरोधात. लागत होती ६४. प्रश्न सुटला असे गावाने धरले. पण जानेवारीत मिनेसोटातले निवृत्त लोक ॲरिझोनात असतात. त्यांना इथे स्नोबर्ड म्हणतात. थंडी पडली की निघून जातात आणि बर्फ वितळला की परततात. नव्वद दिवसांची अट संपेपर्यंत मे महिना उजाडला होता आणि पाखरे घरी आली होती. बाहेर पडू पाहणाऱ्या गटाच्या पुढाऱ्यांनी एवढे पंचांग पाहायला हवे होते, असे मला तेव्हाही वाटले.

विचारविनिमयाच्या त्या तीन महिन्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. बिशप दोनदा गेले आणि दोन्ही वेळा लोकांचे शांतपणे ऐकून घेऊन आले. नव्या संघाचा एक वक्ता दुसऱ्या राज्यातून आला, पडद्यावर चित्रे दाखवून अडीच तास बोलला आणि कॉफीलाही न थांबता गेला. मंडळीच्या पाळकांनी चार पानी पत्र लिहिले. ते तीनदा वाचूनही त्यांचे मत काय आहे हे मला कळले नाही. सावधपणा हा पाळकाचा गुण आहे, पण त्यालाही मर्यादा असावी.

सभेच्या आदल्या आठवड्यात मतदारयादी तपासायला मी गावी गेले. आमच्या घटनेप्रमाणे सभासद असणे आणि मतदार सभासद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दृढीकरण झालेल्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धेची जाहीर कबुली दिलेल्या, ज्या सभासदाने चालू किंवा मागल्या कॅलेंडर वर्षात त्याच मंडळीत प्रभुभोजन घेतले असेल आणि नोंद झालेली देणगी दिली असेल, त्यालाच मत असते. ‘नोंद झालेली’ हा त्यातला काटा. दानाच्या ताटात टाकलेली सुटी नोट नोंद होत नाही. नंबर असलेल्या लिफाफ्यातली होते, धनादेशाची होते. मग प्रश्न उभे राहतात. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यावरून धनादेश आला पण सही एकाचीच असेल, तर देणगी एकाची की दोघांची? आम्ही दोघांची धरतो. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या नावाने आईने लिफाफा टाकला तर? लिफाफा मुलाच्या नंबरचा असेल तर त्याची. अकरा वर्षांत चर्चची पायरी न चढलेला माणूस एका नाताळला येऊन प्रभुभोजन घेतो आणि पाच डॉलरचा लिफाफा टाकतो. त्यालाही मत आहे आणि तेवढेच वजनदार आहे. लोकांना हे अन्यायाचे वाटते. पण भक्ती मोजण्याचे माप मंडळीच्या सेक्रेटरीच्या हाती द्यायचे की लिफाफ्याच्या, यात मी लिफाफा पसंत करते.

देणग्यांच्या नोंदी ज्या बाईंकडे होत्या त्या त्यांच्या सोबतिणीसह गेली पंधरा-सोळा वर्षे त्या मंडळीत होत्या. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच बाकावर बसणाऱ्या या दोघींविषयी गावाला सगळे ठाऊक होते आणि गावात त्यावर कोणी काही बोलत नव्हते. नोंदी ठेवणाऱ्या बाई पेशाने शाळेच्या कार्यालयात हिशेबनीस. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि शेकडो मंडळ्यांची दप्तरे पाहिली आहेत. इतके नेटके दप्तर दुसरे पाहिलेले नाही. दर रविवारच्या मोजणीवर दोघांच्या सह्या, लिफाफ्याच्या नंबरनिहाय खाते, बँकेच्या पावतीचा क्रमांक समासात, आणि खोडाखोड असेल तिथे आडवी रेघ मारून शेजारी आद्याक्षरे. बाहेर पडणाऱ्या गटातल्या एकाने आधी मागणी केली होती की या वह्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्याव्यात. कारण त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, “जरूर तपासा. मलाही तेच हवं आहे.” म्हणून मी पाहुणचाराची कॉफी बाजूला ठेवून दोन वर्षांच्या वह्या ओळीने तपासल्या.

एक नाव अडले. बाहेर पडण्याच्या बाजूने सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्या एका गृहस्थांचा दोन वर्षांत एकही लिफाफा नव्हता. ईस्टरला त्यांनी प्रभुभोजन घेतल्याची नोंद होती, पण देणगी नव्हती. मी नावापुढे प्रश्नचिन्ह केले. त्या बाईंनी दुसरी वही काढली. ईस्टरला वेदीभोवती लिलीच्या कुंड्या ठेवतात. लोक आपल्या मृत नातेवाइकांच्या स्मरणार्थ त्यांचे पैसे भरतात आणि उपासना झाल्यावर बहुतेक जण आपली कुंडी घरी नेतात. या गृहस्थांनी आईच्या नावाने बारा डॉलर भरले होते. मी म्हणाले की ही खरेदी झाली, देणगी नव्हे. त्या म्हणाल्या, “त्यांनी कुंडी नेली नाही. अंथरुणाला खिळलेल्या सभासदांकडे पाठवा असं सांगून गेले. मीच ती पोचवली. मग ही देणगीच झाली.” त्यांचे बरोबर होते. मी प्रश्नचिन्ह खोडले, आद्याक्षरे केली आणि त्या गृहस्थांना मत मिळाले. ज्या ठरावाच्या मुळाशी आपलेच घर आहे हे उघड दिसत असताना, त्या ठरावाच्या बाजूचे एक मत त्या बाईंनी स्वतःच्या हाताने यादीत घातले. हे मी कोणाला सांगू नये असा त्यांचा आग्रह नव्हता. सांगण्यासारखे काही घडले आहे असेच त्यांना वाटत नव्हते.

सभेच्या रविवारी उपासना संपल्यावर सर्व जण तळघरातल्या सभागृहात उतरले. दाराशी दोन टेबले, आडनावांच्या अक्षरांप्रमाणे दोन याद्या; नावावर खूण करून प्रत्येकाला एक मतपत्रिका द्यायची. याच टेबलाशी एक म्हातारे शेतकरी माझ्यापुढे आले. मतपत्रिका उलटसुलट पाहून त्यांनी विचारले, “यावर काहीच खूण केली नाही तर काय धरता?” मी त्यांना नियम सांगितला: ठरावाला हजर असलेल्यांची दोन-तृतीयांश मते लागतात, तुम्ही इथे सही करून आत गेलात की हजर आहात, मतपत्रिका कोरी टाकली तरी हजर राहताच. त्यांनी क्षणभर विचार केला, म्हणाले, “म्हणजे ते नाहीच्या बाजूला जातं.” मी म्हणाले, “परिणाम तसा होतो.” ते मान हलवून आत गेले. रांगेतल्या चार-पाच जणांनी हे ऐकले असणार. मी आवाज लपवला नव्हता. माझा आणि सहकाऱ्याचा वाद इथून सुरू होतो, पण त्याकडे नंतर येते.

चर्चा तासभर चालली. ती ऐकताना मला सारखे जाणवत होते की समलिंगी हा शब्द फार थोड्या वेळा येतो आहे. लोक पवित्र शास्त्राच्या अधिकाराविषयी बोलले, शिकागोच्या मुख्यालयाविषयी बोलले, मुख्यालयाकडे जाणाऱ्या आपल्या पैशाविषयी बोलले. एकाने रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचला, दुसऱ्याने त्याच पत्राचा चौदावा. आम्ही कोणाला हाकलत नाही, आम्ही चर्चच्या धोरणाविरुद्ध आहोत, असे बाहेर पडू पाहणारे पुन्हा पुन्हा सांगत होते आणि त्यांतले पुष्कळ जण ते मनापासून सांगत होते. त्या दोघी चौथ्या ओळीत बसल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी बोट दाखवले नाही आणि त्यांच्याविषयी चांगले बोलण्यासाठीही कोणी उठले नाही. ज्यांच्यामुळे हा प्रश्न त्या गावापुरता पुस्तकातला राहिला नव्हता, त्यांचा उल्लेख टाळणे हा तिथे सभ्यपणा समजला जात होता. मी बिशपांच्या कार्यालयाची. मला तिथे मत नव्हते आणि विचारल्याशिवाय बोलण्याचा अधिकारही नव्हता. त्या दिवशी ते जड गेले.

मोजणी तिघांनी केली: प्रत्येक बाजूचा एक आणि गावच्या शाळेतले एक निवृत्त शिक्षक. मी शेजारी उभी होते. यादीवरच्या खुणा १४१, पेटीतल्या मतपत्रिका १४१. तेवढे जुळले की माझा अर्धा जीव खाली बसतो. बाजूने ९३, विरोधात ४५, कोऱ्या ३. हजर १४१ जणांचे दोन-तृतीयांश ९४ होतात. कोऱ्या वगळल्या तर मते उरतात १३८, त्यांचे दोन-तृतीयांश ९२, आणि ९३ पुरून उरतात. म्हणजे तीन कोऱ्या कागदांना मोजले तर ठराव पडतो, न मोजले तर संमत होतो. मोजणीच्या खोलीत, म्हणजे रविवारशाळेच्या छोट्या खुर्च्यांच्या वर्गात, काही वेळ कोणी बोलले नाही. मग बाहेर पडणाऱ्यांच्या प्रतिनिधीने शांतपणे त्याचा मुद्दा मांडला, आणि मुद्दा बिनबुडाचा नव्हता. मंडळीची सभा रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर या नियमावलीप्रमाणे चालवावी असे घटनेतच लिहिलेले आहे. आणि त्या नियमावलीप्रमाणे कोरी मतपत्रिका म्हणजे रद्दी कागद, तो हिशेबात धरायचा नाही. मला विचारले तेव्हा मी सांगितले की ती नियमावली जिथे घटना गप्प आहे तिथे लागू होते. या ठरावापुरती घटना गप्प नाही. ती हजर सभासद म्हणते. मी दोन्ही कलमे सोबत नेली होती, ती टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी सभागृहात जाऊन ठराव पडल्याचे जाहीर केले. पुढे कार्यालयाकडून लेखी मत मागवले गेले आणि ते तसेच आले.

त्या सभागृहातला राग मी विसरलेले नाही. ९३ जण एका बाजूला, ४५ जण दुसऱ्या, आणि इमारत ४५ जणांची. एक गृहस्थ मला म्हणाले, “मिनिआपोलिसला तुमचं एका मतावर पास झालं तेव्हा गैरहजर कोणी मोजले नाहीत. इथे आमचं एका मतावर पडतं तर कोरे कागद मोजता.” याला नियमातले उत्तर आहे: महासभेतला हिशेब मत देणाऱ्यांवर, मंडळीतला हजर असलेल्यांवर, दोन्ही नियम आधीच लिहिलेले, कोणासाठी बदललेले नाहीत. उत्तर बरोबर आहे आणि ते दिल्याने कोणाचे समाधान झालेले मी पाहिलेले नाही. माझेही होत नाही. चर्चने आपली शिकवण ज्या मापाने बदलली, त्याहून कडक माप मंडळीला दाराबाहेर पडताना लावले जाते. याला कारण आहे. निवेदनाने कोणाची इमारत जात नाही, आणि या ठरावाने जाऊ शकते. पण हे कारण त्या तळघरात कोणाला ऐकू गेले नसते.

आता सहकाऱ्याविषयी. बिशपांचे प्रतिनिधी म्हणून ते माझ्यासोबत होते. परतीच्या वाटेवर ते म्हणाले की दाराशी त्या शेतकऱ्याला मी उत्तर द्यायला नको होते. अध्यक्षांना विचारा, एवढेच म्हणायचे. त्यांच्या मते माझ्या उत्तराने एका मताला दिशा मिळाली, कदाचित तिघांना. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही तेच आहे की मतदाराने आपल्या मताचा परिणाम विचारला तर नियम सांगणे हेच माझे काम आहे, आणि विरुद्ध बाजूच्या माणसाने विचारले असते तरी हेच उत्तर मिळाले असते. तो नियम टपालाने गेलेल्या सूचनेत छापलेला होता. माझे सहकारी भले गृहस्थ आहेत, पण अडचणीच्या प्रश्नाला प्रार्थनेने उत्तर देण्याची त्यांची सवय नोंदींच्या कामाला परवडत नाही. तरी एक गोष्ट मी त्यांच्यापाशी मान्य करते: तो शेतकरी कोणत्या बाजूचा आहे हे मला खरोखरच ठाऊक नव्हते, आणि त्याने पेटीत कोरा कागदच टाकला हेही मला ठाऊक नाही. मतदान गुप्त होते. त्यानंतर त्या शेतकऱ्यांची भेट झाली, तेव्हा आम्ही पावसाविषयी बोललो.

मला वाटते ते एवढेच. जो माणूस कोरी मतपत्रिका टाकतो त्याला ‘जा’ही म्हणता येत नाही आणि ‘राहा’ही. पवित्र शास्त्र काय सांगते याविषयी त्याचे मत कदाचित ९३ जणांसारखेच असेल. पण चौथ्या ओळीतल्या दोघींसह ज्या मंडळीत आपला बाप्तिस्मा झाला ती मोडायला त्याचा हात उठत नसेल. आमची घटना अशा माणसाला न विचारता नाहीच्या रकान्यात ढकलते, आणि दुसरी नियमावली त्याला केराच्या टोपलीत टाकते. मी पहिल्या पद्धतीच्या बाजूने आहे. काहीतरी मोडायचे असेल तर मोडणाऱ्याने हजर प्रत्येकाला पटवले पाहिजे.

पुढे जे झाले ते कोणीच मागितले नव्हते. ९३ पैकी बहुतेक जण उन्हाळा संपायच्या आत पायी बाहेर पडले, आधी शाळेच्या व्यायामशाळेत उपासना करू लागले आणि नंतर हमरस्त्यालगत त्यांनी स्वतःची साधी इमारत बांधली. ती मंडळी नीट चालली आहे. मागे राहिलेल्या चाळीस-पंचेचाळीस जणांच्या वाट्याला मोठी इमारत, नव्या भागाचे कर्ज आणि तो बॉयलर आला. पूर्ण वेळच्या पाळकाचा पगार त्यांना परवडेना. शेवटी गावातल्या मेथडिस्ट चर्चबरोबर एकच पाळक वाटून घेण्याची व्यवस्था झाली. आणि ती शक्य झाली कारण त्याच मिनिआपोलिसच्या महासभेने, त्या दोन वादळी मतदानांच्या मधल्या दिवशी, युनायटेड मेथडिस्ट चर्चशी पूर्ण सहभागितेचा, म्हणजे एकमेकांचे पाळक चालवून घेण्याचा, करार मंजूर केला होता. त्या ठरावाकडे तेव्हा कोणाचे लक्ष नव्हते.

त्या दोघी राहिल्या नाहीत. हिशेबाच्या वह्या पुढच्या माणसाच्या हाती नीट सोपवून, वर्षअखेरची शिल्लक जुळवून, त्यांनी आपले सभासदत्व जिल्ह्याच्या गावातल्या मंडळीत हलवले. बदलीचे पत्र माझ्याच टेबलावरून गेले. कारण लिहिण्याची जागा त्या अर्जात नसते. राहिलेल्यांपैकी एका बाईंनी मला फोनवर सांगितले, “आम्ही त्यांच्यासाठी लढलो आणि त्याच गेल्या.” मला ते ऐकून फार आश्चर्य वाटले नाही. ज्या सभागृहात ९३ जणांनी एक गोष्ट सांगितली आणि ४५ जणांनी ती फक्त मतपत्रिकेवर नाकारली, तिथे दर रविवारी पैसे मोजत बसणे सोपे नसावे. २०१३ च्या ऑगस्टपासून मिनेसोटात समलिंगी विवाह कायदेशीर झाले, त्यानंतर त्यांचे लग्न त्या नव्या मंडळीत लागले असे मला कळले.

आता २०२८ साठी आमच्या कार्यालयाचे टिपण तयार होते आहे. चार भूमिकांना जागा देणारी तरतूद ठेवावी की काढावी, हा त्याचा विषय आहे. ती काढावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मला कळतो: एखाद्या माणसाच्या अस्तित्वाविषयी चार मते असू शकतात हे त्या माणसाच्या तोंडावर किती वर्षे सांगत राहायचे? ती ठेवावी असे म्हणणारेही मला कळतात, कारण ती नसती तर आणखी किती मंडळ्यांच्या फाईली माझ्या कपाटात बंद झाल्या असत्या याचा मला अंदाज आहे. माझा भाग टिपणातला छोटा आहे. तरतूद राहो वा जावो, मंडळ्यांमध्ये पुन्हा मतदान होणार. म्हणून मी एवढेच सुचवले आहे की कोरी मतपत्रिका कशी धरली जाईल हे सूचनेबरोबरच मतपत्रिकेवरही ठळक छापावे आणि सभेच्या सुरुवातीला अध्यक्षांनी मोठ्याने वाचावे. सहकाऱ्यांनी त्यापुढे पेन्सिलीने ‘चर्चा करू’ असे लिहिले आहे.